खोक्यातलं गाव

जपानमधल्या रेल्वेस्थानकांवर भेटवस्तूंच्या दुकानांत लोक गोडाचे डबे निवडत असतात, तेव्हा मी रामेनची खोकी शोधत असते. साप्पोरोजवळच्या शिन-चितोसे विमानतळावर ती वेगळी, हाकाता स्थानकात वेगळी, किताकाताला आणखी वेगळी. वर काठोकाठ भरलेल्या वाडग्याचं चित्र असतं: डुकराच्या मांसाचे पातळ काप, मधोमध कापलेलं अंडं, कांद्याची हिरवी पात, नोरी या समुद्री शेवाळाचा काळसर तुकडा. आत मात्र दोन-तीन जणांपुरत्या नूडल्स आणि सूपच्या पुड्या. चित्रातलं बाकीचं काही आत नाही, हे खोक्यावरच बारीक अक्षरांत सांगितलेलं असतं. मला हा प्रामाणिकपणा फार भावतो. जे तुझ्या घरी होणार नाही ते मी आणलंय, उरलेलं तू बघ, असं ते खोकं म्हणतं.

आणि जे घरी होत नाही, ते खरंच होत नाही. हाकाताचं तोन्कोत्सु सूप घ्या. डुकराची हाडं मोठ्या आचेवर तासन्‌तास खळखळ उकळायची. हळूहळू हाडांतलं कोलॅजन पाण्यात उतरतं, चरबी त्या उकळीत घुसळली जाऊन पाण्याशी एकजीव होते, आणि सूप दाट, पांढरं होतं. जपानी घरांतही हा घाट सहसा कोणी घालत नाही. १९१० साली टोकियोच्या आसाकुसात ‘राइराइकेन’ उघडलं, तिथे चिनी आचारी रांधत. तेव्हापासून रामेन हे दुकानात बसून खायचं खाणं.

नूडल्सचंही तसंच. मैदा, पाणी आणि मीठ यांच्या जोडीला तिथे कान्सुई लागतं, म्हणजे सोडियम आणि पोटॅशियम कार्बोनेटचं पाणी. या क्षारामुळे ग्लुटेन आवळलं जातं, नूडल्सला दाताखाली जाणवणारा ताण येतो आणि गव्हातलीच द्रव्यं पिवळी पडतात. हा पिवळेपणा अंड्याचा, असं पुष्कळांना वाटतं. कच्च्या नूडल्सची पिशवी फोडली की एक हलका खारट वास येतो, आणि मला उन्हाळ्यातलं उडदाच्या पापडाचं पीठ आठवतं. पापडखार आणि कान्सुई एकाच कुळातले. पापडाचं पीठ कुटलेल्या कुठल्याही बाईला कान्सुईचं काम समजावून सांगावं लागणार नाही.

झटपट नूडल्सची वाट निराळी. १९५८ साली मोमोफुकु आंदोंनी ओसाकाजवळच्या इकेदात, घरामागच्या लहानशा शेडमध्ये, तळून कोरड्या केलेल्या नूडल्स सिद्ध केल्या. तळताना आतलं पाणी उडतं, बारीक छिद्रं राहतात, आणि पुढे उकळतं पाणी त्यांतूनच आत शिरतं. युद्धानंतरची अन्नासाठीची रांग पाहिलेल्या माणसाचा तो शोध आहे, आणि मला त्याबद्दल मनापासून आदर आहे. फक्त त्यात रांधणाऱ्याच्या हाताला फारसं काम उरत नाही.

खोक्यातल्या रामेनमध्ये ते भरपूर असतं, आणि सगळं शेवटच्या चार-पाच मिनिटांत. त्याआधीची तयारी मात्र आदल्या रात्रीची. अंडी साडेसहा मिनिटं उकळून लगेच बर्फाच्या पाण्यात टाकायची, सोलून सोया सॉस आणि मिरिन या गोडसर तांदळाच्या मद्यात बुडवून ठेवायची. सकाळी पांढरं बदामी झालेलं असतं आणि पिवळं अजून मऊ. दुसऱ्या दिवशी दोन भांडी चढवायची. मोठ्यात नूडल्ससाठी भरपूर पाणी, त्यात मीठ नाही. छोट्यात सूपचं पाणी. दोन्ही एकात उरकायचा मोह होतो, पण नूडल्सचं पाणी पिठाने आणि क्षाराने गढूळ होतं. सूपमध्ये ते गेलं की चव बिघडली. वाडगे गरम पाणी घालून तापवून ठेवायचे. नूडल्सवरचं पीठ झटकायचं, त्या बोटांनी मोकळ्या करायच्या आणि मगच सोडायच्या. त्या शिजत आल्या की सूपची पुडी वाडग्यात फोडून वर उकळतं पाणी ओतायचं. नूडल्स चाळणीत घेऊन जोरात झटकायच्या, कारण राहिलेलं थेंबभर पाणीही सूप पातळ करतं. मग त्या सूपमध्ये सोडून काड्यांनी एकदा वर उचलायच्या आणि घडी घातल्यासारख्या आडव्या ठेवायच्या. अंडं, पात, नोरी. आणि जेवणाऱ्यांना आधीच बसवून ठेवायचं. रामेनला वाट पाहायला लावू नये.

मग भुरके. मोठ्याने.

गावागणिक हे वेळापत्रक बदलतं, आणि त्यातच मला त्या गावाची ओळख पटत जाते. हाकाताच्या नूडल्स सरळ आणि अगदी बारीक. हाकाता ज्या फुकुओका शहरात आहे, तिथल्याच नागाहामा मासळी बाजारातल्या घाईच्या माणसांसाठी त्या चटकन शिजाव्यात म्हणून तशा झाल्या, आणि उरलेल्या सूपमध्ये नूडल्स पुन्हा मागवायची पद्धतही तिथलीच. साप्पोरोच्या जाड, कुरळ्या; मिसोच्या, म्हणजे आंबवलेल्या सोयाबीनच्या, दाट सूपला धरून राहणाऱ्या. तिथे वर तरंगणारा चरबीचा थर बर्फाळ हवेत सूप गरम ठेवतो. घरी मी त्यावर मोड आलेली कडधान्यं मोठ्या आचेवर परतून घालते, मक्याचे दाणे आणि लोण्याचा तुकडाही. किताकाता हे जुन्या कोठारांचं, साके आणि सोया सॉस गाळणारं गाव. तिथे लोक सकाळी सकाळी रामेन खातात, म्हणून त्या चपट्या, लहरदार नूडल्सचं खोकं मी रविवारी न्याहारीलाच उघडते.

घरून आई आली की सूपची पुडी बाजूला राहते. ती शाकाहारी आहे. कोंबू हे समुद्री शेवाळ आणि वाळलेली शिताके अळंबी रात्रभर पाण्यात भिजत घालायचे, सकाळी मंद आचेवर तापवायचे आणि उकळी फुटायच्या आत कोंबू काढून घ्यायचा. १९०८ साली किकुनाए इकेदांनी याच कोंबूच्या पाण्यातून ग्लुटामेट वेगळं काढलं आणि उमामीला चवींच्या यादीत जागा मागितली. त्या पाण्यात मिसो कालवला की आईचं सूप तयार. खोक्यावर नूडल्सचे घटक आधी वाचून घेते, कारण काहींत अंडं असतं. हाडांवाचून आहे म्हणून हे सूप उणं, असं तिला वाटत नाही, मलाही नाही.

आता हाकोदातेचं खोकं आणलंय. तिथलं मिठाचं सूप इतकं नितळ की वाडग्याचा तळ दिसतो; त्यावर जे घालावं ते सगळं उघडं पडतं. मांस नको, मका नको, हे ठरलंय. अंडं घालावं का, यावर विचार चाललाय. बहुतेक नुसती पात.