कोबेतील पंचवीस दिवस

निवृत्तीनंतर सायंकाळी वर्धेच्या विश्वशांती स्तूपापर्यंत फिरावयास जाण्याचा माझा नेम आहे. जपानी भिक्षू निचिदात्सू फुजी १९३३ मध्ये वर्धेस येऊन गांधीजींना भेटले. त्यांच्या मंत्राला पुढे आश्रमाच्या प्रार्थनेत स्थान मिळाले, आणि त्यांच्याच संप्रदायाने हा स्तूप उभारला. परमुलखात राहून आपला धर्म सांभाळता येतो, याचा दाखला असा रोज डोळ्यांसमोर होता. तरीही मुलगा जपानमधील कोबे शहरी मोत्यांच्या पेढीवर नोकरीस गेला, तेव्हा आम्हा उभयतांचे मन धास्तावलेच. गेल्या नोव्हेंबरात पंचवीस दिवस त्याच्याकडे राहून आलो.

कोबे हे रोक्को पर्वत आणि समुद्र यांमधल्या चिंचोळ्या पट्टीत वसलेले बंदर. १८६८ मध्ये ते परदेशी व्यापाराला खुले झाले. १८९३ मध्ये जमशेटजी टाटांच्या सहकार्याने मुंबई व जपान यांदरम्यान बोटसेवा सुरू झाली, ती मुख्यतः कापसासाठी. हिंगणघाटच्या कापूसबाजाराशी ज्यांचे पिढ्यान्‌पिढ्यांचे नाते आहे, त्यांना याचे अप्रूप वाटावे. १९२३ च्या भूकंपात योकोहामा उद्ध्वस्त झाल्यावर तेथील अनेक भारतीय व्यापारी कोबेस येऊन स्थिरावले. १९९५ च्या जानेवारीत कोबेवरही तोच प्रसंग ओढवला; सहा हजारांहून अधिक माणसे गेली. शहर मात्र पुन्हा उभे राहिले.

किटानो या चढणीच्या वस्तीत, जुन्या युरोपीय घरांच्या शेजारी, भगवान महावीरांचे शुभ्र संगमरवरी मंदिर आहे. ते १९८५ मध्ये झाले. पहिल्या सकाळी पायऱ्या चढताना सौ.चे डोळे भरून आले. घरून निघाल्यापासून प्रथमच तिला ओळखीचे काही दिसत होते.

दिनक्रम मात्र ओळखीचा नव्हता. ज्या वारी ज्या प्रकारचा कचरा, त्याच वारी तो बाहेर ठेवावयाचा. दुकानात पैसे हातात न देता लहानशा तबकात ठेवावयाचे. सुटे परत देताना नोटा ग्राहकासमोर मोजून दाखवितात. आयुष्य कॅश काउंटरच्या सहवासात काढलेल्या मला ही शिस्त फार भावली. आहाराची अडचण मोठी. निव्वळ भाजीचे दिसणारे सूपही बहुधा सुकविलेल्या माशाच्या अर्काचे असते. मुलाने ‘मासा’ या अर्थाचे चिन्ह मला आधी शिकविले; बाजारात आमचा निम्मा वेळ वेष्टने वाचण्यात जाई. उलट, बौद्ध मठांतील ‘शोजिन’ भोजनात मांस-मासळीच नव्हे, तर कांदा-लसूणही वर्ज्य, हे कळल्यावर सौ.ला मोठा धीर आला. कंदमुळे तेवढी निवडून बाजूस ठेवावी लागतात.

नोव्हेंबरअखेर तेथे सूर्य पाचच्या आत मावळतो आणि पेढी सहाला सुटते. म्हणून मुलगा साडेचारला डबा उघडतो. जपानी सहकारी त्या वेळी त्याला काम सांगत नाहीत. हे त्याने कोणाकडे मागितले नव्हते.

एके दिवशी पेढीवर गेलो. उत्तरेच्या खिडकीपाशी पांढऱ्या कापडावर मोत्यांची निवड चालली होती. रंग, चकाकी, गोलाई पाहून जोड्या लावायच्या. दृश्य सुंदर होते; पण मोती काढताना शिंपल्यातील जीव वाचत नाही, हे मी वाचले होते. श्रावकाला वर्ज्य असलेल्या पंधरा कर्मादानांत दंतवाणिज्य येते. रात्री मी विषय काढला.

मुलगा म्हणाला, “बाबा, पहिल्याच हिवाळ्यात मला समुद्रावरच्या मोत्यांच्या शेतीवर नेले होते. पुन्हा गेलो नाही. पण पगार त्याच धंद्याचा आहे, हे मला कळते. दुसरीकडे अर्ज केले आहेत. अजून उत्तर नाही.”

मी उपदेशाच्या तयारीने बसलो होतो. पण आठवले, चौतीस वर्षे मी कर्जाची प्रकरणे मंजूर केली. तारण पाहिले, ताळेबंद पाहिला. तो धंदा शेवटी कोणाच्या जिवावर चालतो, हे किती अर्जदारांना विचारले? एकालाही नाही. त्याने निदान स्वतःला विचारले होते. मी एवढेच म्हणालो, “अर्ज करीत राहा. घाईने नोकरी सोडू नकोस, आणि प्रश्नही सोडू नकोस.”

परतल्यावर स्तूपाचा नेम पुन्हा सुरू झाला आहे. एक नवी सवयही लागली. दुपारी एक वाजला की सौ. घड्याळाकडे पाहते. तेथे तेव्हा साडेचार झालेले असतात. “उघडला असेल डबा,” ती म्हणते, आणि मग आमची ताटे वाढते.