घराच्या ओढीचे दोन सूर

मडी वॉटर्स यांचे एकच गाणे मी दोन ध्वनिमुद्रणांतून ऐकत आलो आहे. पहिले १९४१ सालचे. मिसिसिपीतील स्टोव्हॉल मळ्यावर ॲलन लोमॅक्स यांनी ते टिपले. साथीला साधी गिटार. दुसरे १९४८ सालचे, शिकागोतले. मधल्या काळात, १९४३ मध्ये, मळ्यावरचे राबणे सोडून वॉटर्स त्या महानगरात आले होते. तेथील गोंगाटात साध्या तारांचा आवाज बुडून जाई. म्हणून त्यांनी विजेची गिटार हाती घेतली. विजेने वेदना बोथट झाली नाही. तारेवरून घसरत जाणारा स्वर हुंदक्यासारखा लांबतो आणि शब्द थांबले की तोच बोलू लागतो.

या दुसऱ्या मुद्रणाच्या नावातच घरी परतण्याची आस आहे. आणि ते घर कोणते? जिथे कष्टांना मोल नव्हते, तेच! बाबिलोनमधील बंदिवानांचे १३७ वे स्तोत्र वाचताना मला हा स्वर आठवतो. ते बळाने नेलेले, हे पोटासाठी निघालेले. परंतु विरह तोच. ऐकणारा कुणीतरी आहे, या श्रद्धेवाचून विलाप ओठांवर येत नसावा.