देवमाशाच्या सांगाड्यापाशी

आपल्या कोकणातल्या मुलांची समुद्राशी ओळख बहुधा ताटातूनच होते. बांगडा, सुरमई, कोळंबी ही नावं त्यांना अक्षरओळखीच्या आधी येतात. पण हे जीव पाण्यात राहतात कसे, हे त्यांना कोण सांगणार? म्हणून सुट्टीत रत्नागिरीला गेलात की टिळकांचं जन्मस्थान आणि थिबा राजवाडा बघाच, पण पेठकिल्ल्यातल्या मत्स्यालयासाठीही थोडा वेळ राखून ठेवा. ते दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाच्या सागरी संशोधन केंद्रात आहे.

काचेच्या टाक्यांतले रंगीबेरंगी मासे पाहून धाकटी मंडळी हरखून जातात. संग्रहालयात समुद्रातले नाना जीव बाटल्यांत जपून ठेवले आहेत. समुद्रघोडा दिसला की मुलांना एक गंमत जरूर सांगा. याची मादी अंडी घालते ती नराच्या पोटावरच्या पिशवीत आणि पिल्लं बाहेर पडेपर्यंत ती सांभाळतो बाबाच! ही माहिती घरातल्या पुरुष मंडळींनाही ऐकवायला हरकत नाही.

पण पाय खिळतात ते देवमाशाच्या सांगाड्यापाशी. पन्नास फुटांहून लांब! नावात मासा असला तरी हा मासा नव्हे. त्याचं रक्त गरम, श्वास फुप्फुसांनी, आणि त्याची मादी पिल्लाला चक्क दूध पाजते. वल्ह्यासारख्या त्याच्या परात दंडाची, मनगटाची, बोटांची हाडं असतात, अगदी आपल्या हातासारखी.

हे पाहिलं की २०२३ सालची दिवाळी आठवते. त्या नोव्हेंबरात गणपतीपुळ्याच्या वाळूत देवमाशाचं एक पिल्लू येऊन अडकलं. माणसं त्याच्या अंगावर पाणी ओतत राहिली. खूप खटपटीनंतर त्याला समुद्रात नेऊन सोडलं, पण ते काही वाचलं नाही. दूधपितं लेकरू आईपासून तुटलं की माणसाचं काय नि देवमाशाचं काय, सारखंच.

किनाऱ्यावर राहणाऱ्या आपण बायकांनी एवढं तरी ध्यानात ठेवावं. असा जीव दिसला तर आधी वनखात्याला कळवावं. गर्दी हटवावी, मुलांना त्याच्या पाठीवर चढू देऊ नये, शेपटी धरून ओढू देऊ नये. अंग ओल्या कापडानं झाकावं, मात्र डोक्यावरच्या श्वासाच्या छिद्रात पाणी वा वाळू जाऊ देऊ नये. देवमाशाला कायद्याचं संरक्षण आहे. जाळ्यात सापडलेला असा जीव जाळं कापून सोडणाऱ्या मच्छीमाराला सरकारकडून भरपाई मिळण्याची सोयही महाराष्ट्रात झाली आहे. शेजारपाजारच्या कोळणींच्या कानावर हे घालायला काय हरकत आहे?

जाण्याआधी मत्स्यालयाची वेळ तेवढी विचारून घ्या. आणि मुलांना घाई करू नका. सांगाड्याची लांबी त्यांना पावलांनी मोजू द्या!