चष्मा आणायला गेले म्हणून

बाबा गाडीखाली शिरणार होते, ऑइल कुठून गळतंय ते बघायला. जॅक मी लावलेला. इंजिनिअर असल्यामुळे मॅन्युअल वाचलं नव्हतं. बाबा चष्मा आणायला वर गेले आणि पत्रा चेपत जॅक सटकला. चाकं काढली नव्हती, त्यामुळे गाडी टायरवर बसली. आवाजही फार झाला नाही.

मग मोबाईलच्या टॉर्चने दाराखाली बघितलं. तिथे पत्र्याची एक उभी कड असते. पुढच्या चाकाच्या मागे आणि मागच्या चाकाच्या पुढे तिच्यावर दोन-दोन खाचा. जॅक त्या दोन खाचांच्या मधे लावायचा. तिथला पत्रा बळकट केलेला असतो. मी वीतभर आत, फ्लोअरच्या पातळ पत्र्याला टेकवला होता.

आता सपाट जमीन, हँडब्रेक, पहिला गिअर, मागच्या चाकांना दगड. डिकीतला जॅक फक्त स्टेपनी बदलण्यापुरता. खाली शिरायचं तर गाडी दोन स्टँडवर ठेवतो आणि आधी हाताने हलवून बघतो. विटा नाहीत, वीट न सांगता फुटते.

बाबांनी विचारलं तेव्हा म्हणालो, "जॅक जुना झालाय, बाबा." त्यांनी दुसऱ्याच दिवशी नवा आणला.