बदामीचे तांबडे कडे : भय, जोखीम आणि अभ्यास

सोलापूरहून विजयपूर, बागलकोट मागे टाकीत गदगकडे जाणाऱ्या लोहमार्गावर बदामीचे स्थानक लागते. स्थानकापासून गाव सुमारे पाच किलोमीटर आत आहे. दोन्ही बाजूंनी तांबूस दगडाचे उभे कडे पुढे आलेले, मध्ये अगस्त्य तीर्थाचे हिरवट पाणी आणि त्या पाण्याच्या काठाला बिलगलेले जुने गाव, असे येथील दृश्य आहे. सकाळच्या कोवळ्या उन्हात हे कडे केशरी दिसतात आणि सायंकाळी विटेच्या रंगाकडे झुकतात. इ. स. ५४३ मध्ये चालुक्य राजा पहिला पुलकेशी याने हा डोंगर तटबंदीने बांधून काढला आणि वातापी या नावाने ही नगरी पुढे चालुक्यांची राजधानी म्हणून नांदली.

दक्षिणेकडील डोंगराच्या पोटात चार लेणी कोरलेली आहेत. पहिले शैव, दुसरे व तिसरे वैष्णव. तिसऱ्या लेण्यात इ. स. ५७८ चा शिलालेख आहे. पायऱ्या चढून सर्वांत वर गेल्यावर चौथे लेणे येते, ते जैन लेणे. आकाराने लहान, परंतु मनाला थांबविणारे. आत नागफणांच्या छत्राखाली उभे असलेले भगवान पार्श्वनाथ आहेत, गाभाऱ्यात सिंहासनस्थ तीर्थंकरमूर्ती आहे आणि एका बाजूस बाहुबली आहेत. बाहुबलींच्या हातापायांवर वेली चढलेल्या आहेत. कायोत्सर्गात उभ्या असलेल्या त्या देहात कोठेही ताण नाही. खांदे सैल आहेत, हात सहज खाली सोडलेले आहेत. श्रद्धाळू यात्रेकरू येथे हात जोडतो, दर्शन घेतो आणि परत फिरतो. परंतु गेल्या काही वर्षांत बदामीला आणखी एक वर्ग येऊ लागला आहे, आणि देह स्थिर राखून मन शांत ठेवणे हा त्याच्याही रोजच्या अभ्यासाचा विषय आहे.

हा वर्ग प्रस्तरारोहकांचा. पुणे, मुंबई, बंगळुरू येथील तरुण मुले-मुली आणि युरोपातील आरोहक हिवाळ्यात येथे येतात. संरक्षित लेणी, मंदिरे व किल्ला यांवर चढण्यास मनाई आहे आणि ती योग्यच आहे. आरोहणाचे कडे त्यांपासून दूर, गावाबाहेर आहेत. तेथे दगडात पोलादी बोल्ट कायमचे बसविलेले आहेत. चढणारा खालून दोर घेऊन निघतो आणि एकेका बोल्टमध्ये तो अडकवीत वर जातो. खाली उभा असलेला साथीदार, ज्याला आरोहक ‘बिलेयर’ म्हणतात, तो दोर सोडतो आणि वेळ येताच रोखून धरतो.

दगडाचा स्वभाव

सह्याद्रीचा दगड बेसाल्टचा, लाव्ह्यापासून झालेला. त्यावर गवत, माती आणि सुटे धोंडे फार. बदामीचा दगड वाळूचा आहे. कोट्यवधी वर्षांपूर्वी पाण्याखाली थरावर थर साचून तो बनला. त्यामुळे कड्यावर आडव्या खाचा आणि कंगोरे पडले आहेत आणि बोटांना धरावयास जागा मिळते. नवशिक्याला या कंगोऱ्यांमुळे धीर येतो आणि याच कंगोऱ्यांमुळे तो फसतोही. पकड चांगली मिळाली की तो ती जीव खाऊन आवळतो, कोपरे वाकवून हातांवर शरीर ओढतो, आणि पंधरावीस फुटांतच त्याचे हात फुगून दगडासारखे होतात. आवळलेल्या स्नायूंतून रक्त नीट वाहत नाही. मग बोटे आपोआप उघडतात.

म्हणून येथील पहिला धडा हातांचा नसून पायांचा असतो. शिडी चढताना माणूस हातांनी देह उचलत नाही, पायांनी उचलतो. कड्यावर हीच साधी गोष्ट भीतीमुळे विसरली जाते. जाणकार प्रशिक्षक नवशिक्याला खालच्या सोप्या दगडावर एक खेळ देतात : पाय ठेवताना आवाज होता कामा नये आणि एकदा ठेवलेला पाय पुन्हा सरकवायचा नाही. हात सरळ ठेवायचे, म्हणजे भार हाडांवर पडतो आणि स्नायू विसावतात. कंबर भिंतीजवळ आणायची. थांबण्याजोगी जागा मिळाली की थांबायचे, एकेक हात खाली सोडून झटकायचा, श्वास पूर्ण बाहेर टाकायचा. एवढे साधले तरी बळात तिळभर वाढ न होता चढाई एक-दोन श्रेणींनी सुधारते.

पडण्याचे शिक्षण

डिसेंबरातील एका सकाळी कड्याच्या पायथ्याशी सोलापूरचे एक घाऊक कापडव्यापारी सतरंजीवर बसून होते. सी. ए.चा अभ्यास करणारी त्यांची मुलगी चढत होती. दर्शनाच्या निमित्ताने कुटुंब बदामीला आले होते, परंतु मुलीचा हा छंद प्रत्यक्ष पाहावा आणि शक्य झाल्यास तो थांबवावा, हाही वडिलांचा हेतू होता. त्यांनी प्रशिक्षकाला विचारले, “दोर तुटला तर?”

“काका, चांगल्या स्थितीतला दोर असा तुटत नाही. तो किंचित ताणतो आणि झटका पिऊन टाकतो,” प्रशिक्षक म्हणाला. “चुकतो तो माणूस. गाठ अर्धी राहते, पट्ट्याचा बकल लागत नाही, खालचा साथीदार गप्पांत रमतो.”

मुलगी पाचव्या बोल्टच्या वर पोहोचली आणि अडली. पुढचा कंगोरा हातभर दूर होता. “पप्पा, वर बघू नका!” ती ओरडली. वडिलांनी अर्थातच पाहिले. तिने दोनदा हात पुढे केला आणि मागे घेतला. तिसऱ्या वेळी उडी घेतली, बोटे कंगोऱ्याला टेकली आणि सुटली. दहाएक फूट खाली येऊन ती दोरावर अलगद झुलली. वडील उभे राहिले होते. बोलले मात्र काही नाहीत.

खाली उतरल्यावर त्यांनी विचारले, “पूर्ण नाही झालं ना, बेटा?”

“नाही पप्पा. पण गेल्या वेळी भीतीने दोर पकडून मागे आले होते. आज हात दमला म्हणून सुटला. यात फरक आहे.”

थोड्या वेळाने ती पुन्हा दोर बांधू लागली, तेव्हा वडील सतरंजीवरून उठून जवळ आले. “ती गाठ कशी तपासायची, ते मला दाखव,” म्हणाले.

व्यापारी घरांना जोखीम नवी नाही. उधारी देताना, माल भरताना, नव्या गावी पेढी उघडताना प्रत्येक पिढीने ती घेतली आहे. ज्याने जोखीम मुळीच घेतली नाही त्याची पेढी वाढली नाही आणि ज्याने ती मोजल्यावाचून घेतली त्याची पेढी टिकली नाही. कड्यावरही भय आणि धोका या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि त्यांतील भेद ओळखता येणे हीच प्रगतीची गुरुकिल्ली आहे. पाचव्या बोल्टवर, खाली मोकळी हवा व सावध साथीदार असताना भय फार वाटते, धोका थोडा असतो. पहिल्या बोल्टच्या आधी, जमिनीपासून दहाबारा फुटांवर, भय थोडे वाटते, परंतु धोका खरा असतो, कारण तेथून पडणारा थेट जमिनीवर येतो. नवशिक्या नेमका उलट वागतो. खाली बेफिकीर असतो आणि वर थिजतो.

यावर उपाय पडण्याचा सराव. प्रथम वरून बांधलेल्या दोरावर बसून भरवसा निर्माण करावयाचा. मग बोल्ट कमरेशी असताना हात सोडायचे, नंतर तो गुडघ्याशी असताना, पुढे पायाशी असताना. हे सर्व उंचावर, खाली कंगोरा नसलेल्या मोकळ्या भिंतीवर आणि अनुभवी साथीदाराच्या देखरेखीखालीच. प्रत्येक वेळी श्वास बाहेर टाकायचा. भय न मावळताच पुढची पायरी घेतली तर सराव उलटतो आणि मन अधिकच धास्तावते. निघण्यापूर्वी दोघांनी एकमेकांची तपासणी करावयाची : आठाची गाठ, हार्नेसचे बकल, बिलेचे उपकरण आणि दोराच्या मोकळ्या टोकाला मारलेली गाठ. हेल्मेट डोक्यावर. शंभर वेळा केलेली तपासणी एकशेएकाव्या वेळी टाळणे, हा प्रमाद. जैन आचारात अप्रमादाला जे स्थान आहे, ते कड्याच्या पायथ्याशी चटकन उमगते.

रोजमेळ आणि विश्रांती

प्रगती थांबली की तरुणांना प्रथम बोटांचे बळ वाढवावेसे वाटते. जर्मन आरोहक वोल्फगांग ग्युलिख याने १९८८ मध्ये न्यूरेंबर्ग येथे उतरत्या फळीवर लाकडी पट्ट्या ठोकून केवळ बोटांच्या बळावर वर-खाली झेपा घेण्याचा व्यायाम रूढ केला आणि १९९१ मध्ये ‘अ‍ॅक्शन डायरेक्ट’ ही त्या काळातील जगातील सर्वांत कठीण मानली गेलेली चढाई पूर्ण केली. त्याचे अनुकरण करण्याचा मोह होतो. परंतु ग्युलिखच्या मागे अनेक वर्षांची चढाई होती. स्नायू काही आठवड्यांत बळावतात, बोटांतील कंडरा व अस्थिबंध मात्र फार सावकाश. हात ‘मी तयार आहे’ म्हणतो तेव्हा बोट तयार नसते, आणि बहुतेक दुखापती याच तफावतीतून होतात. वाढीच्या वयातील मुलांनी तर बोटांवर लटकण्याचा जड व्यायाम करूच नये, कारण त्यांच्या बोटांची हाडे अद्याप जुळत असतात. कष्टाच्या दिवसानंतर एक-दोन दिवस बोटांना पूर्ण विश्रांती, हा नियम.

बळाआधी हिशेब हवा. नियमाने सुधारणारे आरोहक एक वही ठेवतात. त्यात केवळ यशापयशाची नोंद नसते. हात कोठे सुटला आणि का सुटला, हे असते : पाय घसरला, पकड दिसली नाही, श्वास रोखला, की भय वाटले? दोन महिन्यांनी वही चाळली की खरी उणीव कोणत्या खात्यात आहे ते उघड होते. बहुतेकांना जे आधीच चांगले येते तेच पुनःपुन्हा करण्याची आवड असते. बळकट मनुष्य आणखी दंड-बैठका काढतो आणि ज्याला उतार आवडतो तो कलत्या कड्याकडे फिरकत नाही. रोजमेळ असे लाड चालू देत नाही.

मनाच्या तयारीचे उदाहरण चेक आरोहक आदाम ओन्द्रा याचे. २०१७ मध्ये नॉर्वेतील फ्लाटांगरच्या गुहेत त्याने ‘सायलेन्स’ ही चढाई पूर्ण केली. फ्रेंच मोजणीत ९सी ही श्रेणी मिळालेली ती पहिलीच. तिच्या तयारीत तो जमिनीवर आडवा पडून, डोळे मिटून, प्रत्येक हालचाल मनाने आणि देहाने करून पाहत असे. बदामीतही ‘गणेश’ नावाची ८बी+ श्रेणीची अतिकठीण चढाई आहे आणि पुण्याच्या तुहिन सातारकर याने ती पूर्ण केलेली आहे. अशा चढाया पहिल्या झेपेत होत नाहीत. तुकड्या पाडून, एकेक तुकडा पाठ करून, अनेक पराभवांनंतर त्या साधतात. पडणे हा अपमान नसून माहिती आहे, हे ज्याला पटते त्याचेच पाऊल पुढे पडते.

यात्रेकरूंसाठी

बदामीस जाण्याचा उत्तम काळ नोव्हेंबर ते फेब्रुवारी. पाऊस पडून गेल्यावर ओल्या वाळूच्या दगडावर चढू नये. तो ठिसूळ होतो, पकडी तुटतात आणि पुढच्यांची वाटही बिघडते. कड्यांच्या कपारीत आग्या माशांची मोठी पोळी असतात. त्यांना छेडणे जिवावर बेतते, आणि अहिंसाव्रती माणसाने तर ती वाट सोडून दुसरी घ्यावी. माकडांपासून शिदोरी जपावी. खाणावळींत ज्वारीची भाकरी आणि डाळी-उसळी मिळतात. कांदा-लसूण वा कंद वर्ज्य असल्यास आधी सांगावे. हिवाळ्यात आरोहक उजेड असतानाच दोर गुंडाळतात, त्यामुळे चौविहार पाळणाऱ्यांची अडचण होत नाही. मुलांना पाठवावयाचे असल्यास प्रशिक्षित मार्गदर्शकाबरोबरच पाठवावे आणि शक्य असल्यास आईवडिलांनी एक दिवस पायथ्याशी बसून तपासणी कशी होते ते पाहावे.

एक दिवस हाताशी ठेवून सुमारे २२ किलोमीटरांवरील पट्टदकल आणि त्यापुढे ऐहोळे पाहावे. पट्टदकल येथे जैन मंदिर आहे. ऐहोळे येथील टेकडीवर मेगुती जिनालय आहे आणि त्याच्या भिंतीवर इ. स. ६३४ चा, दुसऱ्या पुलकेशीच्या काळातील शिलालेख आहे. तो रचणारा रविकीर्ती जैन कवी होता. लेखात त्याने स्वतःची तुलना कालिदास व भारवी यांच्याशी केली आहे. मेगुतीला जाण्यास दोर लागत नाही, पायऱ्या आहेत. वृद्धांनी सावकाश चढावे, मध्ये थांबावे, श्वास पूर्ण सोडावा. कड्यावरील मुलांना शिकविला जाणारा पहिला नियम येथेही तितकाच उपयोगी पडतो.