रबराचा मासा आणि मामाची गरी

दिवाळीच्या सुट्टीनंतर हॉस्टेलवर परत आलो तेव्हा बाकीच्या मुलींच्या बॅगांतून चकल्या, लाडू, शंकरपाळे निघाले. माझ्या बॅगेतून निघाला एक साडेपाच फुटी रॉड, गुंतलेल्या दोऱ्याचं भलंमोठं घरटं आणि रबराचे चार मासे. रूममेटने त्यातला एक चिमटीत उचलला, वास घेतला आणि विचारलं, "हे खातात?"

"मासे खातात," मी म्हटलं.

"पाकिटावर तर पाच लिहिलेत. पाचवा कुठाय?"

मित्रहो, त्या पाचव्या माशाची ही गोष्ट. रूममेटला विचारायचा हक्कही होता, कारण या सगळ्या सामानात तिचे पंधराशे रुपये अडकलेले होते (अजूनही थोडे अडकलेले आहेत!).

माझं आजोळ मुरुड. जंजिऱ्याचं मुरुड. मामा सुट्टीच्या दिवशी राजपुरी खाडीच्या तोंडाशी खडकांवर गरवायला जातो. गरवणं म्हणजे गळ टाकून मासे धरणं. हा शब्द मला या वर्षापर्यंत ठाऊक नव्हता, हे कबूल करून टाकते. कॉन्व्हेंटमध्ये आम्ही 'अँगलिंग' शिकलो, तेही फक्त धड्यात. त्यामुळे मामाबरोबर जायचं ठरल्यावर मी तयारी केली ती इंग्रजी व्हिडिओ बघून. त्यात अमेरिकेतले लोक तळ्यात, बोटीवर उभे राहून 'लार्जमाऊथ बास' धरत होते. हातात आखूड रॉड, त्याच्या डोक्यावर बसवलेलं रीळ आणि दोऱ्याच्या टोकाला स्विमबेट, म्हणजे पोहणारा रबरी मासा. मी डिट्टो तेच मागवलं. सबमिशनची फाईल कॉपी करावी तसं!

मामाचं सामान बघाल तर हसाल. लाकडाच्या तुकड्याला गुंडाळलेला तंगूस, शिशाचा एक गोळा, एक गळ आणि डब्यात ताजी कोलंबी. बस्स. यालाच तो 'गरी' म्हणतो. माझा रबरी मासा त्याने उलटासुलटा करून पाहिला आणि म्हणाला, "जिताडा काय येडा हाय?"

जिताडा येडा नव्हता, येडी मी होते. पहिले दोन तास त्या वरच्या रिळाने माझा अंत पाहिला. फेकताना त्याची गरारी दोऱ्यापेक्षा जोरात फिरते आणि क्षणात आत दोऱ्याचं घरटं होतं. अंगठ्याने ती नेमकी दाबायला सराव लागतो. त्यात खडकावर वारा समोरून. शेवटी एकदाचा मासा बऱ्यापैकी लांब पडला. मी हळूहळू ओढत होते, तेवढ्यात हिसका बसला... हिसका कसला, कोणीतरी पाण्यातून हात धरून ओढावं तसं! रिळाचा ड्रॅग मी पूर्ण आवळून ठेवला होता. घट्ट म्हणजे मजबूत, असं माझं साधं गणित. दोन सेकंदांत 'टक्' असा आवाज झाला आणि सगळं सैल पडलं.

मला वाईट वाटलं ते मासा गेल्याचं. मामा मात्र पाण्याकडे बघत होता. म्हणाला, "गेला तो गेला. पण तोंडात तुझं लोखंड घेऊन गेला ना गो बाय."

हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. कुठल्याच व्हिडिओत कोणी असं म्हटलं नव्हतं. त्या रात्री मामीने बोंबलाचं कालवण केलं होतं, पण घास काही नीट गेला नाही. पाण्याखाली तोंडात गळ घेऊन फिरणारा तो जिताडा डोळ्यांसमोरून हलेना. तेव्हा ठरवलं की पुन्हा जायचं तर सामान नीट समजून घेऊन जायचं. मासा मिळो न मिळो, दोरा तुटता कामा नये.

तर नवशिक्यांसाठी माझ्या चुकांमधून काढलेलं हे सार.

पहिलं म्हणजे मासा ओळखा. अमेरिकेतला तो बास गोड्या पाण्यातला, आपल्या किनाऱ्यावर तो नाही. आपल्याकडे त्याच्या सगळ्यात जवळ जाणारा म्हणजे रायगडचा लाडका जिताडा. इंग्रजीत त्याला 'एशियन सीबास'च म्हणतात. बंगालमध्ये तो भेटकी, ऑस्ट्रेलियात बॅरामुंडी. हा खाडीच्या तोंडाशी, खडकाच्या किंवा खांबाच्या आडोशाला दबा धरून बसतो. जवळून बोय किंवा कोलंबी गेली की मोठ्ठं तोंड उघडून पाण्यासकट आत ओढतो. त्याच्या कल्ल्यावरच्या झाकणाची कड मात्र सुरीसारखी धारदार असते. हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

दुसरं, रबराचा मासा. त्याच्या शेपटीला टोकाशी एक चपटी टिकली असते. ओढला की पाणी त्या टिकलीवर आपटतं, तिच्या मागे एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे भोवरे सुटतात आणि शेपटी आपोआप हलायला लागते. फ्लुइड मेकॅनिक्सच्या तासाला फळ्यावरचे व्हॉर्टेक्स उतरवून घेताना मला झोप येत होती, ते असे कामाला आले! माशांच्या अंगाच्या दोन्ही बाजूंना एक संवेदनशील रेषा असते, तिला ही थरथर कळते. म्हणून गढूळ पाण्यातही जिताडा फसतो. खाडीसाठी साडेतीन-चार इंचाचा मासा पुरे, साधारण बोटभर बोयीएवढा. शिसं असलेला गळ त्याच्या डोक्यात बसवतात, तो १० ते १५ ग्रॅमचा घ्या. उघड्या समुद्रात लाटा आणि वारा जास्त, तिथे २० ग्रॅमच्या पुढचा लागतो. रंगांच्या मागे धावू नका. स्वच्छ पाण्याला चंदेरी, गढूळ पाण्याला पांढरा किंवा गडद, असे दोन पुष्कळ झाले. पैसे घालायचे तर गळात घाला. स्वस्तातला बारीक गळ मोठ्या माशाच्या ओढीने सरळ होतो.

आणि खोट्या माशाला हसणाऱ्यांसाठी एक गोष्ट. फिनलंडच्या लाउरी रापाला नावाच्या कोळ्याने १९३६ मध्ये बुचाचं लाकूड कोरून असा मासा घरीच बनवला होता. वरून चॉकलेटची चांदी चिकटवली आणि फोटोच्या निगेटिव्ह वितळवून त्याचा लेप दिला. आज ते नाव जगभर गळाच्या दुकानांत दिसतं. मामाला ही गोष्ट सांगितली तर म्हणाला, "तो कोळी होता म्हणून जमलं त्याला."

तिसरं, रॉड आणि रीळ. बोटीवर आखूड रॉड चालतो. खडकावर उभं राहून दोरा दगडांच्या वर ठेवायचा तर आठ-नऊ फुटांचा हवा. किती वजन फेकायचं ते रॉडवरच लिहिलेलं असतं. १० ते ४० ग्रॅम लिहिलेला घ्या. रॉड म्हणजे शेवटी एक कॅन्टिलिव्हर बीम. टोकाकडे निमुळता, म्हणून थोड्या वजनाला टोक वाकतं आणि मोठ्या ओढीला मधला भागही कामाला येतो. लिहिलेल्यापेक्षा खूप हलकं लावलंत तर तो वाकणारच नाही, मग फेक कसली लांब जाणार? रीळ मात्र रॉडच्या खाली लटकणारं साधं स्पिनिंग रीळ घ्या, ४००० साईजचं. त्यात घरटी कमी होतात आणि मित्रही टिकतात.

चौथं, दोरा. विणलेला ३० पौंडी दोरा बारीक असतो, लांब जातो आणि ताणला जात नाही, त्यामुळे हलकीशी टोचही हाताला कळते. पण मुरुडच्या खडकांवर कालवं असतात. कालवांच्या कडेला हा दोरा नुसता घासला तरी संपला. वर जिताड्याच्या कल्ल्याची धार आहेच. म्हणून शेवटचा दीडेक मीटर ४० पौंडी जाड तंगूस जोडायचा. हा तुकडा मी लावलाच नव्हता. जोडाला डबल युनी गाठ शिका आणि आवळण्याआधी ती थुंकीने ओली करा, नाहीतर घर्षणाच्या उष्णतेने दोरा कमजोर होतो.

पाचवं आणि सगळ्यात महत्त्वाचं, ड्रॅग. रिळात एकावर एक चकत्या असतात, अगदी क्लचसारख्या. ओढ ठराविक मर्यादेपलीकडे गेली की त्या घसरतात आणि दोरा सुटत जातो. मासा पळतो, दमतो, दोरा तुटत नाही. नियम असा की दोऱ्याच्या ताकदीच्या साधारण चौथ्या हिश्शावर तो घसरला पाहिजे. ३० पौंड म्हणजे साडेतेरा किलो, त्याचा चौथा हिस्सा साडेतीनच्या आतबाहेर. बॅग तोलायचा काटा हॉस्टेलमध्ये कोणाकडे तरी असतोच, तो दोऱ्याला अडकवून ओढायचा आणि मोजायचं.

फेब्रुवारीत मी पुन्हा मुरुडला गेले. आधीचा रॉड अर्ध्या किमतीत विकून आणि जुना वापरलेला घेऊन. काट्यावर साडेतीन किलो लावून मी मामाकडे दोरा दिला. त्याने तो तर्जनीवर घेतला, ओढला, मान हलवली आणि ड्रॅगची चकती स्वतःच थोडी सैल केली. "एवढंच." मी पुन्हा मोजलं. तीन किलो! मामाच्या तर्जनीवर तंगुसाचे जुने वळ आहेत. इतकी वर्षं मासा पळाला की तो दोरा बोटावरून सोडतो, दमला की धरतो. आम्ही चकत्यांनी करतो ते तो बोटाने करतो. त्याच्या तीनवर मी काही बोलले नाही. खडक त्याचे, मासेही त्याच्या ओळखीचे.

भरतीची वेळही त्यानेच काढली, तीही मोबाईल न बघता. तिथीला पाऊणने गुणायचं. पंचमी असेल तर पाच पाऊणे पावणेचार, म्हणजे साधारण पावणेचारला पूर्ण भरती. भरती चढताना दोन तास गरवायचं आणि पाणी मागच्या वाटेवर यायच्या आत खडक सोडायचा. यात मामा कोणाचं ऐकत नाही. १ फेब्रुवारी २०१६ ला याच मुरुडच्या किनाऱ्यावर पुण्याहून सहलीला आलेले १४ विद्यार्थी बुडाले. आपल्याच वयाचे. म्हणून समुद्राकडे पाठ करायची नाही, एकट्याने जायचं नाही आणि चपला घालून खडकावर चढायचं नाही.

त्या दिवशी तासाभराने टोच आली. रीळ कर्र कर्र वाजत राहिलं, दोरा सुटत राहिला, मी नुसती उभी. दमल्यावर बाहेर आला तो जिताडाच, पण हातभरही नव्हता. आता खरा पेच! मामीने वाटण करून ठेवलेलं. मी वाचलं होतं की जिताडा आधी नर असतो आणि काही वर्षांनी मोठा झाल्यावर त्याची मादी होते. म्हणजे लहान उचलले की पुढच्या माद्याच उचलल्या. मामाला हे सांगितलं. तो बराच वेळ गप्प. मग म्हणाला, "तुझा मासा हाय, तू बघ."

गळाचा उलटा काटा मी आधीच पकडीने दाबून ठेवला होता, त्यामुळे तो अलगद निघाला. माशाला पाण्यात दोन्ही हातांनी धरलं. थोडा वेळ तसाच राहिला, मग शेपटी हलवून गेला. तोंडात काहीही न घेता.

घरी जाताना मामाने बाजारातून बांगडे घेतले आणि मामीला सांगितलं, "आज काय लागलंच नाय." मीही गप्प बसले.

तर मंडळी, ज्यांना यायचं असेल त्यांनी पुढच्या सुट्टीत जरूर मुरुडला या. रॉड माझा, तिथी मामाची. फक्त रूममेटचे उरलेले सहाशे रुपये फिटेपर्यंत रबराचे मासे ज्याने त्याने आपापले आणावेत, ही नम्र विनंती!