उस्ताद गेल्यावर मागे काय राहतं?

डेटमार क्रेमर हे नाव आपल्याकडे फारसं कुणाला माहीत नाही. फुटबॉलवेड्या माझ्या दहावीच्या मुलांना क्लॉप माहीत आहे, टुकेल माहीत आहे. क्रेमरचं नाव काढलं तर विचारतात, "सर, हा कोण?" मी उर्दू माध्यमाच्या शाळेत मराठी शिकवतो. फुटबॉलशी माझं नातं टीव्हीपुरतं. पण या जर्मन प्रशिक्षकाची कारकीर्द वाचली आणि वाटलं, आमच्या बी.एड.ला याच्यावर एक धडा असायला हवा होता.

क्रेमर १९२५ साली डॉर्टमुंडमध्ये जन्मले. उंची जेमतेम सव्वापाच फूट. महायुद्धात सैनिक होते, नंतर पश्चिम जर्मनीत ड्युइसबुर्गच्या क्रीडा केंद्रात प्रशिक्षक झाले. १९६४ चं ऑलिंपिक टोकियोला होणार होतं आणि यजमान जपानचा फुटबॉल संघ कच्चा होता. घरच्या मैदानावर शोभा व्हायला नको म्हणून जपानने जर्मनीकडे मदत मागितली. १९६० साली क्रेमर जपानला पोहोचले.

पाहुण्यासाठी हॉटेल होतं, पण ते खेळाडूंबरोबर साध्या जपानी खानावळवजा मुक्कामात राहिले, चॉपस्टिकने जेवले. मैदानावर या राष्ट्रीय खेळाडूंना त्यांनी सुरुवातीपासून धरलं. पायाच्या आतल्या बाजूने चेंडू सरळ कसा द्यायचा, आलेला कसा थांबवायचा, तेच पुन्हा पुन्हा. भाषेची अडचण होतीच. शुनइचिरो ओकानो नावाचे तरुण प्रशिक्षक त्यांचे दुभाषी झाले.

हे वाचताना मला माझा आठवीचा वर्ग दिसतो. उर्दूत 'ण' नाही, 'ळ' नाही. मुलं 'पाणी'चं 'पानी' लिहितात, 'बाळ'चं 'बाल'. निबंधापर्यंत पोहोचलेल्या मुलाला परत एका अक्षरावर आणायचं, तेही त्याला कमीपणा न वाटू देता. राष्ट्रीय संघाच्या खेळाडूला साधा पास शिकवणं किती नाजूक काम असेल, याचा अंदाज शिक्षकाला येतो.

आता इथे आपला एक माणूस या कथेत येतो. १९६२ च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत भारताने जपानला २-० ने हरवलं. पुढे अंतिम सामन्यात दक्षिण कोरियाला हरवून सुवर्णपदक घेतलं. त्या भारतीय संघाचे प्रशिक्षक सय्यद अब्दुल रहीम, हैदराबादच्या शाळांत शिकवणारे शिक्षक. 'मैदान' सिनेमामुळे आता त्यांचं नाव घरोघरी गेलं आहे. १९५१ चं सुवर्णही त्यांचंच, १९५६ च्या मेलबर्न ऑलिंपिकमधला चौथा क्रमांकही त्यांचाच. कॅन्सर अंगात असताना ते संघ घेऊन जकार्ताला गेले आणि १९६३ च्या जूनमध्ये अल्लाहला प्यारे झाले.

म्हणजे १९६२ साली रहीमसाहेबांचे शागिर्द क्रेमरच्या शागिर्दांपेक्षा सरस होते. मग पुढे काय झालं?

१९६४ मध्ये टोकियोत जपानने अर्जेंटिनाला ३-२ ने हरवलं. क्रेमरचं काम संपलं होतं. पण निघताना त्यांनी जपानी संघटनेला सल्ला दिला: देशभराची लीग सुरू करा, प्रशिक्षकांना शिकवायची कायमची सोय करा, संघाला दरवर्षी परदेशात खेळायला पाठवा. पुढच्याच वर्षी, १९६५ मध्ये, आठ संघांची लीग सुरू झाली. संघ कंपन्यांचे, खेळाडू तिथलेच नोकरदार. १९६८ च्या मेक्सिको ऑलिंपिकमध्ये जपानने यजमान मेक्सिकोला २-० ने हरवून कांस्यपदक घेतलं. तेव्हा प्रशिक्षक होते केन नागानुमा आणि त्यांच्या मदतीला तेच दुभाषी ओकानो. पुढे दोघेही जपानच्या फुटबॉल संघटनेचे अध्यक्ष झाले.

क्रेमर मात्र इतर देशांत शिकवत फिरत राहिले. १९६९ मध्ये फिफाने आशियातल्या प्रशिक्षकांसाठी जपानमध्ये वर्ग भरवला, तिथे शिकवायला तेच. त्या वर्गात आपले पी. के. बॅनर्जीही होते, जकार्ताच्या अंतिम सामन्यात गोल करणारे, रहीमसाहेबांच्या हाताखाली तयार झालेले. पुढच्याच वर्षी बँकॉकच्या आशियाई स्पर्धेत पी. के. प्रशिक्षक असलेल्या भारताने जपानला १-० ने हरवून कांस्य मिळवलं. दोन्ही उस्तादांची विद्या एका शागिर्दात उतरली आणि तिने फळ दिलं. आशियाई स्पर्धांमधलं फुटबॉलचं आपलं ते शेवटचं पदक.

क्रेमरना मोठी ट्रॉफी त्यानंतर मिळाली. १९७५ आणि १९७६, सलग दोन वर्षं त्यांच्या बायर्न म्युनिकने युरोपियन कप जिंकला. कप्तान होता बेकेनबाउर. हाच बेकेनबाउर अठराएक वर्षांचा असताना लग्नाआधी बाप होणार म्हणून युवा संघातून बाहेर काढला जात होता, तेव्हा क्रेमरनी त्याची बाजू घेऊन त्याला संघात ठेवायला लावलं. पुढे ते जेद्दाहच्या अल-इत्तिहादलाही शिकवून आले. २०१५ साली वारले. जपानमध्ये आजही त्यांना तिथल्या फुटबॉलचे जनक म्हणतात.

भारतात देशपातळीवरची लीग सुरू व्हायला १९९६ उजाडलं. जपानने सुरू केली त्यानंतर एकतीस वर्षांनी. जपानमागे कंपन्यांचा पैसा होता, शिस्त होती, हे खरं. रहीमसाहेबांत मला काहीच कमी दिसत नाही. कमी होती ती त्यांच्या मागे उभ्या राहणाऱ्या यंत्रणेत. त्यांची विद्या त्यांच्याबरोबर आणि त्यांच्या मोजक्या शागिर्दांबरोबर संपत गेली.

मला हे टोचतं, कारण मी हे रोज बघतो. आमच्या शाळेत मराठीच्या एक आपा होत्या. त्यांच्या वर्गातली मुलं दहावीला मराठीत सत्तर-ऐंशी आणायची. मुलांच्या चुकांवरून त्यांनी स्वतःची एक पद्धत बसवली होती, कुठल्या पुस्तकात नसलेली. आपा निवृत्त झाल्या, हार-शाल झाली. जागा दोन वर्षं भरली नाही. आली ती नवी शिक्षिका हुशार आहे, पण तिला पुन्हा पहिल्यापासून शोधावं लागतंय. दरम्यान दोन बॅच मराठीत अडखळत बाहेर पडल्या. या राज्यात मराठी कच्ची राहिली की पोरगं स्पर्धा परीक्षेत मागे पडतं, तलाठी कार्यालयात अर्ज लिहायलाही दुसऱ्याचं तोंड बघतं. आपल्या समाजात चांगले शिक्षक कमी नाहीत. आपण त्यांची तारीफ करतो, दुआ देतो, आणि त्यांच्याकडून लिहून मात्र काही घेत नाही.

२३ नोव्हेंबर २०२२ ला कतारच्या विश्वचषकात जपानने जर्मनीला २-१ ने हरवलं. दोन्ही गोल करणारे, दोआन आणि असानो, तेव्हा जर्मनीतल्याच क्लबांकडून खेळत होते. क्रेमर असते तर कुणाच्या बाजूने टाळ्या वाजवल्या असत्या, सांगता येत नाही. पण आपला वर्ग साठ वर्षांनीही चालू आहे, हे त्यांनी पाहिलं असतं.

आपांकडे मी आता दर जुम्म्याला नमाजनंतर जातो. त्या सांगतात, मी वहीत उतरवतो. नवी शिक्षिकाही येते. 'ळ'चे धडे झालेत, जोडाक्षरं सुरू आहेत.